बुधीबाईचं पान

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला करंजपाडा आहे. या पाड्यात एके काळी लग्नाची पत्रिका आली की मोठी माणसं तारीख बघायची आणि पोरं कागद बघायची. कागद जाड असला तर लग्न चांगलं. पातळ असला तर पोरांच्या लेखी ते लग्न फुकट गेलं, मग जेवणात काहीही असो. या उलट्या न्यायाला कारण होती निलम.

निलम तेव्हा सातवीत होती. तिचा धाकटा भाऊ रघ्या जांभळावरून पडून पाय मोडून घेऊन खाटेवर पडला होता, आणि पायाला प्लास्टर असलं तरी तोंडाला नव्हतं. त्यानं घरादाराचं डोकं खाल्लं तेव्हा निलमनं जुन्या पत्रिका कापल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढून पानं तयार केली. खेकडा, बगळा, मुंगूस, दिवड, बेडूक, शेजारच्या चिमणकाकाचा बैल. दोघांनी एकेक पान टाकायचं आणि कोणाचं पान कोणाला भारी ते ठरवायचं. बगळा बेडकाला खातो, मुंगूस दिवडाला, म्हणजे पाणसापाला, धरतं, बैल कोणाला मारत नाही पण आडवा उभा राहिला तर हलतही नाही. बेडूक मात्र सगळ्यांचा चारा, त्यामुळे तो कोणालाच नको असायचा.

रघ्याचा पाय बरा झाला, पण खेळ सुटला नाही. पाड्यातल्या सगळ्या पोरांना पानं हवी झाली. निलमनं एकच नियम केला, की एक चित्र पुन्हा काढायचं नाही. दुसरा बैल काढला तर तो दुसऱ्या शिंगांचा, दुसऱ्या रागाचा. झालं, पानांना भाव आला. एका बैलासाठी दोन बगळे आणि वर मूठभर चिंचा द्यायला पोरं तयार असत. पानाच्या पाठीवर छापलेल्या गणपतीवरून समोरच्याच्या हातात काय आहे ते ओळखणारे महाभागही निघाले. भांडण झालं की सगळे निलमकडे यायचे, आणि ती ओट्यावर मांडी घालून निवाडा द्यायची. तिचा निवाडा कोणी मोडत नसे, कारण पुढचं पानही तिनंच काढायचं होतं.

या सगळ्या पानांत एक पान माणसाचं होतं. ते बुधीबाईचं.

बुधीबाईची खाचरं पाडा आणि सडक यांच्या बरोबर मध्ये आहेत. सडकेवरून घर समोर दिसतं, पण बांधावरून यायचं तर दोन वळसे पडतात. भात उभं असताना कोणी आडवं घुसलं, की बुधीबाई जिथे असेल तिथून ओरडते. तो आवाज ऐकल्यावर माणूस पुढेही जात नाही आणि मागेही फिरत नाही, एक पाय चिखलात ठेवून तसाच उभा राहतो. पोरांनी हट्टच धरला, की बुधीबाईशिवाय खेळ पुरा नाही. मग निलमनं काढली तिला, एक हात कमरेवर आणि एक वर. नियम असा केला, की हे पान पडलं की दोन्हीकडची सगळी पानं जागच्या जागी थांबणार. बुधीबाई कोणाला मारत नाही आणि कोणाकडून मरतही नाही.

पुढे निलम डहाणूच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि ऐरोलीच्या एका कंपनीत लागली. काम म्हणजे लोकांनी बनवलेले व्हिडिओ गेम खेळून त्यातल्या चुका काढायच्या. दिवसभर भिंतींना टक्कर देत बसायचं आणि कुठून आरपार जाता येतं ते लिहून द्यायचं. ती यात पटाईत झाली. पण दुसऱ्याच्या घरातली भोकं मोजून कोणाचं पोट भरलं तरी मन भरत नाही. शिमग्याला घरी आली, तेव्हा रघ्यानं माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत सगळी पानं होती. त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि सकाळी तिनं कंपनीला बिनपगारी रजेचा अर्ज केला. वरच्या बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, दसऱ्यापर्यंत तुझी जागा ठेवते, त्यानंतर यायचं असेल तर ये, नसेल तर तसं कळव.

म्हणजे दसऱ्यापर्यंत या पानांचा खरा गेम व्हायला हवा होता आणि तो कोणीतरी बाजारात आणायला घ्यायला हवा होता. तसं झालं तर निलम घरी राहून आपलं काम करणार. नाहीतर पुन्हा ऐरोली, पुन्हा दुसऱ्याच्या भिंती. आई तोंडानं काही म्हणत नव्हती, पण निलमची ऐरोलीची बॅग तिनं खुंटीवर हाताशीच ठेवली होती, माळ्यावर टाकली नव्हती.

जोडीला होता सुनिल, कॉलेजातला मित्र. धाकट्या डहाणूचा, बापाची होडी, आणि याला होडीत बसलं की पाचव्या मिनिटाला उलटी. म्हणून हा गडी जमिनीवर राहून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा. कॉलेजात असताना तो पहिल्यांदा करंजपाड्यावर आला तो दिवस अजून सांगितला जातो. सडकेवर मोटारसायकल लावून, समोर घर बघून, साहेब बूट घालून सरळ भातातून निघाले. बुधीबाईनं त्याला अर्ध्यात थांबवलं. आधी गाव विचारलं, मग बापाचा धंदा विचारला, आणि मग म्हणाली, "तुझ्या बापाच्या होडीत येऊन जाळ्यावर नाचू का मी?" सुनिल त्या दिवसापासून जो बांधावर चढला तो उतरला नाही. भात कापून झाल्यावर, मोकळ्या खाचरातसुद्धा तो वळसा घालून यायचा.

दोघं कामाला लागले. पहिली अडचण अशी, की पानाला जागा लागत नाही. ओट्यावर टाकलं की काम झालं. पण त्यांना करायचा होता डावपेचाचा गेम, त्यात पान टाकलं की खेकडा खरंच उभा राहायला हवा, चालायला हवा, कोणाच्या तरी वाटेत यायला हवा. मग त्याला चालायला भुई कुठली? निलमनं मान वर केली आणि ओट्यावरून जे दिसत होतं तेच काढलं. मध्ये भाताची खाचरं, त्यांच्यामधून नागमोडी बांध, आणि दोन टोकांना दोन खळी. आपला गडी समोरच्याच्या खळ्यात पोचवला की जिंकलो. सुनिलनं सगळी जमीन चौकटींत पाडली. बैल बांधावर आडवा उभा केला की वाट बंद. मुंगूस दोन घरं पळणार, बगळा एकाच्या डोक्यावरून उडी मारणार, खेकडा अर्थातच तिरका. बांध चिंचोळे असल्यामुळे अशी काही कोंडी व्हायची, की पाड्यातली पोरं रघ्याच्या फोनभोवती गर्दी करून श्वास धरून बसायची.

फक्त बुधीबाई त्यात बसेना. ती मारत नाही म्हणजे तिचा जोर किती धरायचा? ती चालत नाही, मग तिला ठेवायची कुठे? सुनिल म्हणाला, तिला दगड फेकणारी करू या. निलम म्हणाली, तसं केलं तर पहिला दगड संध्याकाळी माझ्याच घरावर येईल. शेवटी तिनं ते पान डब्यात परत ठेवलं. मनाला थोडं लागलं, पण पुढच्या कामाच्या गडबडीत विसरून गेली.

गेम तयार झाला. सगळा पाडा तो खेळला, रघ्या आता तलासरीची जीप चालवायचा, तो तर दोन फेऱ्यांमध्ये गाडी भरेपर्यंत खेळायचा. एक चूक सापडली नाही. चुका काढण्यात जिचा हात कोणी धरत नव्हतं त्या निलमनं स्वतः तपासला, आणि तिलाही काही दिसलं नाही.

भादव्यात योग जुळून आला. छोट्या लोकांचे गेम निवडून बाजारात आणणारे एक दिपक सर म्हणून मुंबईचे गृहस्थ सुरतेला निघाले होते. ऐरोलीच्या बाईंनीच त्यांना निलमचं नाव सांगितलं होतं. ते म्हणाले, हायवेवर चारोटीला जेवायला थांबतो, तेवढ्यात दाखवा. निलम आणि सुनिल तासभर आधीच जाऊन हॉटेलात पंख्याखाली बसले. दिपक सर आले. माणूस साधा, हसरा. त्यांनी ऑर्डर दिली, लॅपटॉप पुढे ओढला आणि मुंगसाचं पान टाकलं. निलमनं शिकवल्याप्रमाणे कॉम्प्युटरनं लगेच बांधावर बैल आडवा घातला. ती मनात म्हणाली, आता बघा गंमत.

दिपक सरांनी मुंगूस बांधावरून खाली उतरवलं आणि भातातून सरळ चालवत समोरच्या खळ्यात नेऊन उभं केलं. पाणी आणून ठेवलं जाईपर्यंत खेळ खलास.

निलमला आधी कळलंच नाही काय झालं. तिला वाटलं, त्यांनी चुकून केलं. त्यांनी पुन्हा खेळून दाखवलं, पुन्हा भातातून, पुन्हा तसंच. इतक्या महिन्यांत, इतक्या माणसांत, एकानंही गडी भातात घातला नव्हता. कॉम्प्युटरलाही तिनंच खेळायला शिकवलं होतं, तोही बिचारा बांधावरूनच चालत होता. चौकट मोकळी होती, तिथे कुलूप नव्हतं, आणि तरी कोणाचा हात तिकडे गेला नाही. उभ्या पिकातून जातं का कोणी?

दिपक सर चांगुलपणानं म्हणाले, चित्रं गोड आहेत, प्राणी तर फार आवडले, पण यात डावपेच कुठे आहे? सरळ चालत गेलं की माणूस जिंकतो. मग तिचा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात याच रस्त्यानं परत येतोय, काही सुचलं तर थांबेन.

परत येताना जीपमध्ये निलमला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस गप्प बसतो तशी ती बसली होती.

दुसऱ्या दिवशी सुनिलनं सोपा उपाय केला. भाताच्या सगळ्या चौकटी बंद केल्या, बोट लावलं तरी गडी हलणार नाही. गेम रघ्याच्या हातात दिला. त्यानं बंद चौकटींना बोट लावून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. खेकडा भातात जात नाही म्हणजे काय, दिवड मग राहतं कुठं, हे कसलं भात, ही तर भिंत झाली, असं त्याचं म्हणणं. निलम चिडली. मग लोकांना भातातून जाऊ द्यायचं का, म्हणून तिनं विचारलं. रघ्यानं गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली.

"जाता येतं की," तो म्हणाला. "जायचं नसतं."

तो निघून गेला, त्याची गाडी भरली होती. जाता येतं पण जायचं नसतं, हे कॉम्प्युटरला कोणत्या भाषेत सांगायचं? सुनिल पाय हलवत हळूच म्हणाला, "मला तरी कुठं कोणी भिंत घातली होती? ओरडा खाल्ला, तेव्हा कळलं."

निलम उठली ती थेट माळ्याकडे गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! डब्यात तळाशी ते पान होतं, एक हात कमरेवर, एक वर. कोणाला न मारणारी, कोणाकडून न मरणारी, सगळ्यांना जागच्या जागी थांबवणारी. जे पान कुठे बसत नव्हतं, त्याची जागाच तेवढी रिकामी राहिली होती.

पण आता आवाज हवा होता, आणि तो एकाच गळ्यात होता. दोघं बुधीबाईच्या दारात गेले. ती सुपात उडीद पाखडत होती. निलमनं अडखळत सगळं सांगितलं. बुधीबाईनं सूप खाली ठेवलं नाही.

"मला ठाऊक आहे तुमचा खेळ," ती म्हणाली. "पोरं सांगतात. बेडूक आहे, खेकडा आहे, चिमणचा बैल पण आहे. तो बैल मेला कधीचा. आणि मी जिवंत असून नाही."

म्हातारीला इतकी वर्षं पानाचं ठाऊक होतं, आणि राग आला होता तो काढल्याचा नव्हे, वगळल्याचा. निलमनं वाकून तिच्या पाया पडून चूक कबूल केली आणि पान तिच्या हातात दिलं. बुधीबाईनं ते उजेडात धरून लांबून, जवळून पाहिलं. नाक जरा मोठं झालंय म्हणाली, पण परत दिलं नाही, चोळीत ठेवून दिलं.

मग सुरू झाली आवाज भरायची पंचाईत. सुनिलनं फोन पुढे धरला आणि म्हणाला, ओरडा. बुधीबाईनं पदर नीट केला, घसा साफ केला आणि पाव्हण्याला चहा विचारावा अशा सुरात म्हणाली, "बाळा, इकडून नको जाऊ हां." पुन्हा केलं, तर आणखी गोड. तिला राग आणायला सांगावं तर ती लाजून हसायची. म्हणाली, उगाच कसं ओरडू, तुम्ही काय केलंय?

निलमनं सुनिलकडे पाहिलं. सुनिलनं समोरच्या खाचराकडे पाहिलं. भात पोटरीला आलं होतं, हिरवंगार, वाऱ्यानं एका बाजूला लवत होतं. इतक्या वर्षांत जे पाऊल उतरलं नव्हतं ते उतरवायचं होतं. त्यानं चपला काढल्या, देवाचं नाव घेतलं, बांधाच्या कडेला गेला आणि एक पाय भातात घातला. एकच, आणि तोही रोपं वाचवून.

त्यानंतर जे झालं ते निलमनं धरलेल्या फोनमध्ये पूर्ण उतरलं. सूप उलटलं त्याचा आवाज, कोंबड्या उडाल्या त्यांचा आवाज, आणि त्या सगळ्याच्या वर बुधीबाईचा. त्यात सुनिलच्या डोळ्यांबद्दल प्रश्न होता, त्याच्या शिक्षणाबद्दल शंका होती आणि होडीचा उल्लेख पुन्हा आला होता. पलीकडच्या बांधावरून शाळेला निघालेली पोरंसुद्धा थबकली. त्यांनी तर काही केलंही नव्हतं.

उरलेल्या दिवसांत दोघांनी झोप सोडून काम केलं. भात पुन्हा मोकळं केलं. कोणीही जावं, पण पाय पडला की बुधीबाई ओरडणार आणि तो गडी दोन डाव खाली मान घालून उभा राहणार. एक डाव ओरडा ऐकायचा, दुसरा लाज ओसरायचा. खेकडा, दिवड आणि बेडूक मात्र भातातलेच, त्यांना ती काही म्हणणार नाही. एवढ्या एका गोष्टीनं गेम पालटला. घाईच्या वेळी ओरडा खाऊनही भातातून जावं का, हा विचार करायला लागायचा. आणि ज्या बेडकाला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं, त्याला अचानक भाव आला. पाड्यातल्या पोरांनी जुने डबे उघडून कागदाचे बेडूक शोधायला घेतले.

दिपक सर ठरल्याप्रमाणे चारोटीला थांबले. तेच हॉटेल, तोच पंखा. त्यांनी मुंगूस टाकलं, समोर बैल आडवा आला, आणि ते मागच्या सवयीनं भातात उतरले.

निलम आवाज कमी करायला विसरली होती. बुधीबाईचा आवाज हॉटेलभर घुमला. पलीकडच्या टेबलावरच्या ट्रकवाल्यानं समोरच्या खुर्चीवर ठेवलेला पाय झटकन खाली घेतला. ताट घेऊन येणारा वेटर होता तिथेच थांबला. दिपक सर ताठ झाले. त्यांचा हात लॅपटॉपवरून मागे आला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सॉरी, आजी."

कोणी हसलं नाही, कारण ते मनापासून आलं होतं. मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. त्यांनी दोन डाव मुकाट्यानं मुंगूस उभं ठेवलं, मग बांधावर घेतलं आणि खुर्ची पुढे ओढून बसले. हरले, पुन्हा मांडलं. बेडूक कशासाठी ते त्यांना तिसऱ्या खेळात उमगलं, आणि तेव्हा ते टेबलावर हात मारून असे ओरडले, की वेटरला वाटलं जेवणात काही निघालं. जेवण गार होऊन गेलं होतं. उठताना ते निलमला म्हणाले, "हा गेम आम्ही घेतोय. बाकीचं बोलायला पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो. आणि त्या बाईंचा आवाज मात्र बदलू नका."

निलमनं सुनिलला तिथूनच डहाणूच्या गाडीत बसवलं आणि स्वतः तलासरीला आली. रघ्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून तिनं त्याला सगळं सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. सडकेवर उतरली तेव्हा समोर घर दिसत होतं. ओट्यावर आई उभी होती, आणि तिला सांगायचं होतं की आता ती बॅग खुंटीवरून काढून माळ्यावर टाक. निलम धावत सुटली.

ती कुठून धावतेय हे तिला पोटऱ्यांना गार पाणी लागलं तेव्हा कळलं. जन्मात पहिल्यांदा ती उभ्या भातात होती.

आणि बुधीबाई ओरडली. फोनमधला आवाज त्यापुढे काहीच नव्हता. निलम एक पाय चिखलात, एक पाय वर अशी जागच्या जागी थांबली. पुढे गेली नाही, मागे फिरली नाही. खाली मान घालून उभी राहिली, आणि मान खाली असतानाच तिला हसू फुटलं, ते आवरेना.

"वर हसतेस काय?" बुधीबाई बांधावर येऊन उभी राहिली, एक हात कमरेवर, एक वर.

"आजी, मी राहतेय," निलम म्हणाली. "आता जात नाही. इथंच राहतेय."

बुधीबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायाखालच्या भाताकडे पाहिलं, आणि वर घेतलेला हात खाली आणून पुढे केला.

"राहा की," ती म्हणाली. "आधी बांधावर ये."